फळ्यावरचे चौतीस

दस्तगीरमामूंची मूठ वळलेली मी एकदाच पाहिली. एरवी त्यांचे हात उघडेच असायचे. सलाम करताना उघडे, चहाची बशी धरताना उघडे, ट्रकच्या चाकाला हात घालतानाही उघडे. कुणी तावातावानं बोलायला लागलं की मामू दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकात एक अडकवून ठेवत आणि मान थोडी वाकवून ऐकून घेत. पंजे असे रुंद होते की बशी त्यांत दिसायचीच नाही. ते ओंजळीतून चहा पितायत असं वाटायचं. ज्या दिवशी ती मूठ पाहिली, त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वेळा बोललो आहे. खरं मात्र एकदाही सांगितलेलं नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या नाक्याला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार मेढी, वर पत्रा, खाली हवेचा पंप, रबराचे तुकडे, सोल्यूशनची डबी आणि पाण्यानं भरलेली एक लोखंडी परात. ट्रकचा टायर रिमवरून काढायचा म्हणजे बाकीच्यांना दोन पहारी आणि दोन माणसं लागायची. मामू एकटे काढायचे. गुडघा टेकवायचे, एक हुंकार द्यायचे, आणि टायर निमूट बाहेर यायचा. मग ट्यूबमध्ये हवा भरून ती परातीत बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत बसायचं. हे काम ते फार निवांतपणे करत. ड्रायव्हर घाई करायला लागला तर म्हणत, "हवा खोटं बोलत न्हाय. जरा थांबा, ती स्वतःच सांगंल."

भाषावार राज्यं झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी नळदुर्गच्या शाळेवर शास्त्र शिकवायला नेमणूक झाली. वय चोवीस. अंगात पदवीचा ताठा आणि हाडांवर मांस बेताचं. मी पहिल्यांदा एस.टी.तून उतरलो तेव्हा नाक्यावर मामू बसले होते. माझी ट्रंक त्यांनी एका हातानं टपावरून खाली घेतली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एकशे सोळा पौंड. बँटम."

"बँटम म्हणजे काय?" मी विचारलं.

"कोंबडा. लहान जातीचा असतो न्हवं, तो."

नाक्यावरचे सगळे हसले. मामूंच्या मनात काही नव्हतं. माणसाचं वजन नजरेनं सांगायची त्यांना सवयच होती, आणि बँटम हे मुक्केबाजीतल्या एका वजनाचं नाव आहे हेही मला पुढं कळलं. दवाखान्यातल्या काट्यावर मी गुपचूप उभा राहून पाहिलं, तर काटा एकशे सोळावर. पण ते हसू मला लागलं होतं. त्या गावात जे काही पुढं केलं त्याची सुरुवात तिथं झाली असं म्हणून मी स्वतःला थोडी सूट देऊ शकतो, पण देत नाही. चेष्टा सगळ्यांचीच होते.

मामू स्वतः दोनशे दहा पौंडांचे. निजामाच्या फौजेत होते. सिकंदराबादेत पलटणींचे मुक्केबाजीचे सामने व्हायचे, त्यात सगळ्यांत वरच्या वजनात हे उतरायचे. त्यांच्याबद्दल गावात कथा होत्या. त्यांतली एक अशी, की त्यांनी एका गोऱ्या सार्जंटला एका मुक्क्यात झोपवला, आणि तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला बायकोचं नाव आठवेना. ही कथा मामूंच्या समोर कुणी सांगितली की ते गंभीरपणे म्हणत, "झूट हाय. त्याचं लगीनच झालं न्हवतं." झोपवल्याबद्दल मात्र काही बोलत नसत.

विलीनीकरण झालं, फौज मोडली, मामू एक ट्रंक घेऊन गावी परतले. अठ्ठेचाळीस साली ह्या भागात पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे गावात मोठ्यानं कुणी बोलत नसे. मामूंचे थोरले भाऊ त्या वेळी बायकापोरांसह हैदराबादेला गेले ते परत आले नाहीत. म्हातारी आई किल्ल्याजवळचं घर सोडायला तयार नव्हती म्हणून मामू राहिले. राहायचं ठरवल्यावर त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले असावेत, असं मला आता वाटतं. कुणाच्या भांडणात पडायचं नाही. कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. हात उघडे ठेवायचे. मला हे सगळं रोज दिसत होतं, पण कळत नव्हतं, आणि कळत नसलेल्या गोष्टींनी त्या वयात माझं काही अडत नसे.

एकदा एका ट्रकवाल्यानं, ठिगळ पुन्हा सुटलं म्हणून, भर नाक्यात मामूंच्या कानाखाली आवाज काढला. आम्ही चारपाच जण समोरच्या हॉटेलात होतो. आता काय होतंय म्हणून सगळे उभे राहिलो. मामूंचे हात पाठीमागं गेले. ते म्हणाले, "आणखी एक मारायची आसंल तर मारून घ्या. ट्यूब वाळायला दहा मिनिटं लागतील, तवर मोकळाच हाय म्या." ट्रकवाला ओशाळला आणि बाजूला जाऊन बिडी ओढत बसला. आम्ही खाली बसलो. मला आठवतं, मी जरा हिरमुसलो होतो.

ते समोरचं हॉटेल वीरभद्रप्पांचं. लिंगायत गृहस्थ, कपाळावर भस्माचे पट्टे, घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी. शाळा सुटली की मी तिथं जायचो. मामूही हातातलं काम संपवून यायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे, कारण आतला बाक एकदा त्यांच्याखाली मोडला होता. तिथं एक वाद कायम चाललेला असे. ऐन उमेदीतल्या मामूंसमोर एखादा लहानखुरा, चपळ माणूस उभा केला असता तर कोण जिंकलं असतं? हा वाद मी यायच्या आधीपासूनचा होता. पण त्याला धार मी आणली असं म्हणायला हरकत नाही.

वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, वजनाच्या बाजूचे. "काय ओ मास्तर, एक ठोसा बसला की खेळ खलास. चपळाई घेऊन काय चाटायचंय?"

"बसला तर ना!" मी म्हणायचो. "तुमचा ठोसा पोचेपर्यंत तो तिथं असेल तर. वजन हलवायला वेळ लागतो, आप्पा. हे शास्त्र आहे." आणि मी खिशातून खडू काढून टेबलावर आकृती काढायचो. खिशात खडू घेऊन हिंडणारा माणूस किती वैताग आणत असेल ह्याची मला कल्पना नव्हती.

"म्हशीच्या पाठीवर कावळा बसतो म्हणून म्हैस हरली काय?"

"कावळा शिंगाला सापडतो का ते सांगा."

मग हशा. आपण हशा पिकवला की आपण जिंकलो, असा माझा हिशेब होता. आप्पा रागावून मामूंकडं वळायचे, "तुमी सांगा की ओ. तुमचंच चाललंय."

मामू बशी खाली ठेवायचे. "दोघं बी बरोबर," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा मात्र ते मोकळे बोलले. म्हणाले, "मास्तर, रिंगणाला चारी बाजूनं दोरी असती. लहान माणूस पळतो, पर दोरी पळत न्हाय. म्या त्याच्या मागं जातच न्हाय. म्या असा आडवा सरकतो, जागा कमी करत जातो. शेवटाला त्याच्यामागं कोपरा येतो आन् म्होरं म्या. दोरी काढून टाकली, तर मग दिवसभर बी त्यो माझ्या हाती लागायचा न्हाय." बसल्या बसल्या त्यांनी बाकाखाली पाय सरकवून दाखवले. एवढा मोठा माणूस, पण पायांचा आवाज झाला नाही. मग म्हणाले, "पर अशी जोडी लावतच न्हाईत. वजनाच्या पायऱ्या केल्यात त्या कशापायी? मोठ्यानं लहानाला पाडला तर लोक म्हणतात, त्यात काय मर्दुमकी? आन् न्हाय पाडला तर त्याचा तमाशा. मोठ्याला दोन्हीकडनं बेइज्जतीच."

हे सगळं मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी शाळेत कदम नावाचे ड्रिलमास्तर आले. उंचीनं माझ्याएवढे, पण अंग वेताच्या छडीसारखं. शारीरिक शिक्षणाच्या कोर्सात मुक्केबाजी शिकून आले होते. वर्गाबाहेरसुद्धा त्यांचे पाय जागेवर ठरत नसत. त्यांना पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. झेंडावंदनानंतर मैदानावर खेळ व्हायचे आणि त्यांची व्यवस्था माझ्याकडं होती. हेडमास्तरांना मी 'मुक्केबाजीचं प्रात्यक्षिक' असं सांगून परवानगी काढली. कदम तयार झाले. राहिले मामू.

हॉटेलात सगळ्यांसमोर विचारलं. मामूंनी दोन्ही हात हलवले. "नक्को मास्तर. वय झालं आता. माफ करा."

"चाळिशी म्हणजे काय वय आहे?"

"नक्को. ते लेकरू हाय. आन् झेंड्याचा दिवस. कुस्त्या लावा, धावायचं ठेवा. म्या येतो बघायला."

मी हिरमोड झाल्यासारखा गप्प राहिलो असतो तर ते तिथंच संपलं असतं. पण माझ्या जिभेवर एक वाक्य आलं, ते मला फार चटपटीत वाटलं, आणि चटपटीत वाक्य मला गिळता येत नसे. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. निजामाच्या फौजेला सवयच आहे ती. लढायच्या आधीच हात वर."

हॉटेल हसलं. आप्पा हसले नाहीत, ते गल्ल्यावरचं फडकं घेऊन काहीतरी पुसायला लागले. मीही हसलो. मामूंचे हात पाठीमागं जातील असं मला वाटलं, पण ते बशीवरच राहिले. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "किती वाजता ठेवताय?"

मला त्या वेळी विजय झाल्यासारखा आनंद झाला, हे मी लिहून ठेवतो. लाज पुढं आली, आणि सावकाश आली.

हातमोजे गावातल्या चांभाराकडून शिवून घेतले, आत कापूस भरून. मामूंचा पंजा जाईना म्हणून त्यांची जोडी उसवून पुन्हा शिवावी लागली. चांभार मला म्हणाला, "मामू म्हणत्यात माझ्या जोडीत आणखी कापूस भर, पार गादी कर." मी ते हॉटेलात सांगितलं आणि वर म्हणालो, बघा, आत्तापासूनच धसका घेतलाय. जास्त कापूस ज्याच्या मोज्यात असतो त्याला नव्हे, तर समोरच्याला कमी लागतं, एवढं शास्त्र शास्त्राच्या मास्तरला सुचलं नाही.

दोरीचंही सांगून टाकतो. रस्सीखेचीची जाड दोरी शाळेच्या कोठीत होती. शिपायानं विचारलंसुद्धा, सर, चार खांब रोवून बांधू का? मी म्हणालो, अपुरी पडेल, राहू दे, फक्कीनं चौकोन आख. दोरी अपुरी नव्हती.

त्या दिवशी मैदान माणसांनी भरून गेलं होतं. मुक्केबाजी गावात कुणी पाहिली नव्हती. लोकांना माहीत कुस्ती, आणि निकाल माहीत एकच. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, नाही लागली तर बरोबरीत सोडवायची आणि दोघांना नारळ द्यायचा. जत्रेच्या कुस्त्यांना पंच असणारे गणपतआबा पुढच्या सतरंजीवर दोन नारळ घेऊनच बसले होते. पण मी पूर्ण तयारीनं आलो होतो. सातवीच्या वर्गातला फळा मी तिपाईसकट मैदानावर आणवला होता. तोंड पाहुण्यांकडं, पाठ चौकोनाकडं. डावीकडं कदम, उजवीकडं दस्तगीर. नियमानं बसलेल्या प्रत्येक ठोशाची नोंद करायची, खडू माझ्या हातात, शिट्टी माझ्या तोंडात.

मामू सदरा काढून आले. खाली धुतलेला पांढरा बनियन आणि फौजेतली खाकी चड्डी. त्यांनी आधी झेंड्याला सलाम केला, मग आबांना, मग मला. आणि मग मोज्यांच्या आत मुठी वळल्या आणि हात वर घेतले. तो माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. रोज परातीपाशी उकिडवा बसणारा तो नव्हताच. खांदे पुढं आले, हनुवटी खाली गेली, डोळे शांत. कदमांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला.

पहिल्या फेरीत कदम लांबूनच फिरत राहिले. मग त्यांनी धीर करून एक ठोसा लगावला, तो मामूंच्या छातीवर बसला. मी फळ्यावर एक रेघ ओढली. मग आणखी एक, आणखी एक. मामू जागच्या जागी वळत होते, हात वर धरून ठोसे झेलत होते, कधी हात लांबवत होते. लांबवलेला हात कदमांच्या तोंडापाशी जायचा आणि परत यायचा. हात तोकडा पडला असं आम्हां सगळ्यांना वाटायचं. दुसऱ्या फेरीत मामूंच्या नाकातून रक्त आलं. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "मामू, पंक्चर झालं!" त्यावर मैदान जे हसायला लागलं ते थांबेना. मी रेघा ओढत होतो. मला फार मजा येत होती.

तिसरी फेरी संपली तेव्हा कदम धापा टाकत होते आणि मामूंचा श्वास नेहमीसारखा चालला होता. दोघंही उभे. गणपतआबा उठले, दोन्ही हातांत दोन नारळ घेतले आणि म्हणाले, "बरोबरी! पाठ कुणाचीच टेकली न्हाय. दोघं बी मर्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामूंचा चेहरा मोकळा झाला. ते मोजे सोडायला लागले.

तिथं मी मधे पडलो. "थांबा आबा," मी म्हणालो. "ही कुस्ती नाही. ह्यात पाठ टेकण्याचा प्रश्न नसतो. साऱ्या जगात ह्या खेळाचा निकाल ठोशांवर लागतो." आणि रेघा मोजून, खाली मोठ्या आकड्यांत लिहून, मी खड्या आवाजात वाचलं, "कदम चौतीस. दस्तगीर शून्य."

मैदान पुन्हा हसायला लागलं. आबा म्हणाले, "आसं व्हय?" आणि एक नारळ सतरंजीवर परत ठेवला.

लोक कशाला हसतायत ते पाहायला मामू फळ्याच्या पुढच्या बाजूला आले. आकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग मोजे माझ्या हातात देत म्हणाले, "शाळेत ठेवा मास्तर. पोरांच्या कामाला येतील." सदरा खांद्यावर टाकून ते गेले. मोज्यांत कापूस खरंच गादीसारखा होता.

संध्याकाळी कदम माझ्या खोलीवर आले. मी त्यांचं अभिनंदन करायला लागलो तर म्हणाले, "सर, मी जिंकलेलो नाही. चार वेळा त्यांची मूठ माझ्या हनुवटीपाशी आली आणि थांबली. मला तिचं वारं लागलं. पहिल्या फेरीनंतर ते माझ्या कानात म्हणाले, 'बेटा, घाबरू नक्को. तू पडत न्हाईस, म्या पडत न्हाय. आबा बरोबरीत सोडवतात, नारळ देतात, सगळे खुशीनं घरी जातात.' आणि तुम्ही फळा आणलात."

मी त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली. कदम म्हणाले, "उद्या हॉटेलात सांगूया का?"

"झालं ते झालं," मी म्हणालो. "आता कशाला उगाच."

कदमांनी फार ताणलं नाही. त्यांनाही तो आकडा आवडायला लागला असेल, किंवा मी त्यांच्यापेक्षा वरिष्ठ होतो म्हणूनही असेल. वर्षभरात त्यांची बदली आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली.

चारपाच दिवसांनी मी मामूंच्या दुकानावर गेलो. माफी मागायला गेलो होतो असं पुढं मी स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. मला कुतूहल होतं. मामू परातीत ट्यूब फिरवत होते. नाक अजून सुजलेलं. मी विचारलं, "मामू, मारलं का नाहीत?"

"मारला आसता तर पडला आसता."

"मग पाडायचा. खेळच होता तो."

त्यांनी ट्यूब आणखी थोडी फिरवली. "मास्तर, शाळेचा मास्तर, झेंड्याचा दिवस, सगळं गाव बसलेलं. आन् निजामाच्या फौजेतल्या माणसानं त्याला मातीत घातला. काय झालं आसतं?" त्यांनी ट्यूबचा पुढचा भाग पाण्यात दाबला. "कदाचित काय बी झालं नसतं. पर झालं आसतं तर? तुमची बदली हुईल. माझी कुठं हुनार?"

मग बुडबुडे आले, आणि ते म्हणाले, "हं. हितं हाय बघा भोक."

त्यांनी केवढा विचार करून तो सगळा दिवस बांधला होता! मी डिवचलं म्हणून यायचं, कारण न येऊन चालणार नव्हतं. उभं राहायचं, पडायचं नाही, पाडायचं नाही. फौजेची अब्रू राहील, मास्तरची राहील, गावाला खेळ मिळेल. दोरी मी काढून घेतली तरी त्यांचं काही बिघडलं नव्हतं. ह्या गावाला पाठ टेकण्यापलीकडं काही मोजता येत नाही, एवढ्याच एका भरवशावर ते उभे होते, आणि मी मोजायला फळा घेऊन आलो.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा मास्तर. हरलेत काय ओ मामू?" आप्पांना काहीतरी संशय आला होता. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "फळ्यावर होतं की, आप्पा."

त्यानंतर मामू हॉटेलात यायचे बंद झाले नाहीत. तसं केलं असतं तर लोकांना ते दिसलं असतं. रोज यायचे, दाराजवळ बसायचे, चहा घ्यायचे. पण वाद बंद पडला, कारण निकाल लागला होता. आणि मामूंना नवं नाव पडलं. आधी कुणीतरी मागून 'चौतीस!' म्हणून ओरडलं असेल. मग ट्रकचे क्लीनर म्हणायला लागले, मग ड्रायव्हर. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेही विचारायचे, चौतीसचं दुकान कुठं? पहिल्यांदा मामू मान वर करत नसत. मग करायला लागले. मी नळदुर्गात होतो तेवढ्या काळातच ते त्या नावाला 'हौ, आलो' म्हणायला लागले होते.

माझी बदली झाली. परंड्याला गेलो, लग्न झालं, अंग भरलं, पुढं हेडमास्तरही झालो. आणि ही हकिकत मी सांगत राहिलो. शिक्षकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.ची वाट पाहताना. चपळाईपुढं वजनाचं काही चालत नाही हे मी प्रयोगानं कसं सिद्ध केलं, अशी ती हकिकत होती. लोक हसायचे. आपण चोरीचा माल विकतोय हे सांगताना प्रत्येक वेळी मला कळत असे, तरी सांगायचो. मग कधीतरी, बहुधा माझ्याच मुलानं एकदा विचारलं की त्या मामूंनी एकही ठोसा का मारला नाही, तेव्हापासून सांगणं बंद केलं. मुलाला मी म्हणालो, हात पोचत नव्हता त्यांचा.

सहासष्ट-सदुसष्टच्या सुमाराला एका कामासाठी हैदराबादेला निघालो होतो. गाडी नळदुर्गला थांबली. कंडक्टर म्हणाला, पंधरा मिनिटं. मी उतरलो. ह्या वेळी बोलायचं असं सोलापूरपासून मनाशी घोकत आलो होतो. वीरभद्रप्पांच्या हॉटेलात त्यांचा मुलगा बसत होता. समोर पत्र्याखाली मामू होते. दाढी पांढरी, अंग उतरलेलं, पंजे मात्र तेवढेच. पलीकडं एक ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर, कुणी परमुलखातला, खाटेवर पाय सोडून बसला होता.

मामूंनी मला लगेच ओळखलं. उठून सलाम केला, खाटेवरची धूळ फडक्यानं झटकली. आई गेली असं म्हणाले. माझी मुलं किती ते विचारलं. मी घोकलेलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात त्या ड्रायव्हरनं मोडक्यातोडक्या मराठीत मामूंना विचारलं, "चाचा, तुमाला चौतीस का म्हणते सगळा?"

मामूंनी माझ्याकडं बोट केलं. "यांना इचारा. हे पंच हुते."

ड्रायव्हर माझ्याकडं वळला. मी म्हणालो, "ह्यांची एकदा मुक्केबाजी झाली होती. लोक म्हणतात हे हरले. हरले नव्हते. ह्यांनी मारलंच नाही, मारलं असतं तर समोरचा उठला नसता. ती बरोबरी होती. चौतीस मी लिहिले. ते चुकीचे होते."

नऊ वर्षं लागलेलं वाक्य बोलून झालं. ड्रायव्हरनं मामूंकडं पाहिलं. मामूंनी पान्हा खाली ठेवला. हात पुसले. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, त्यात राग असता तर मला सोसला असता. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "मास्तर लई भले हायत. माझ्यापायी खोटं बोलतायत."

ड्रायव्हर हसला. मी म्हणालो, "नाही मामू, खोटं नाही," पण ते परातीकडं वळले होते, आणि कंडक्टरनं घंटी मारली. मला ओरडून सांगता आलं असतं. नाक्यावर दहाबारा माणसं होती. मी गाडीत जाऊन बसलो. खिडकीतून पाहिलं तर ड्रायव्हर आणखी एकाला काहीतरी सांगत होता, दोघं हसत होते, आणि मामू मान खाली घालून पाण्यात ट्यूब फिरवत होते. शेजारच्यानं विचारलं, तुमच्या ओळखीचे का? मी म्हणालो, हो, आणि खिडकी लावून घेतली.